कृष्णधवल प्रिंटवर हिरवी-जांभळी झाक परत परत येते? कागद बदलण्याआधी शाईकडे बघा

तक्रार जवळजवळ प्रत्येकाची सारखीच असते. फोटो कृष्णधवल, स्क्रीनवर स्वच्छ राखाडी. प्रिंट मात्र खिडकीपाशी हिरवट आणि रात्री पिवळ्या दिव्याखाली जांभळट. दुकानदार म्हणतो, कागद बदला. नवा कागद आणला की झाकेचा रंग जरा सरकतो, झाक राहतेच. मग आणखी महाग कागद. असं करता करता अर्धवट वापरलेल्या पाकिटांची चळत जमते आणि दुखणं तिथंच राहतं.

सुट्या फोटोत हे खपून जातं, ‘मुद्दाम वॉर्म टोन ठेवलाय’ म्हणून सांगता येतं. डॉक्युमेंटरी मालिकेत ती सोय नाही. ऊसतोडणीच्या तळावरचे किंवा वारीतले वीस फोटो एका भिंतीवर ओळीनं लागतात. त्यातला एक हिरवट आणि शेजारचा गुलाबी असला की बघणाऱ्याला माणसांआधी रंग दिसतो.

माझं मत असं की झाकेचं मूळ बहुतेक वेळा शाईत असतं आणि काळ्याच्या खोलीचं मूळ कागदात. या दोन तक्रारींचं एक गाठोडं बांधून दुकानात गेलं की हमखास नको ती वस्तू विकत घेतली जाते.

आधी पट्टी छापा

२१ घरांची राखाडी पट्टी बनवा: शून्य (पांढरा) ते शंभर टक्के (काळा), पाच-पाच टक्क्यांच्या पायऱ्या. तिच्या शेजारी तुमच्याच एखाद्या फोटोचा तुकडा ठेवा, ज्यात सावलीतला चेहरा आहे आणि पांढरा कपडाही आहे. फाइल खरोखर राखाडी आहे ना, हे इथंच बघून घ्या. फोटोशॉपमध्ये कर्सर कुठंही फिरवला तरी आर, जी आणि बी हे तिन्ही आकडे सारखे हवेत. पुष्कळदा लाइटरूममध्ये जुन्या प्रीसेटचं स्प्लिट टोनिंग (सावल्यांना आणि उजळ भागांना दिलेली वेगवेगळी रंगछटा) राहून गेलेलं असतं आणि शिव्या प्रिंटरला बसतात.

पट्टी सुकू द्या. डाय शाईचा, म्हणजे जिच्यात रंग विरघळलेला असतो तिचा, रंग पहिल्या काही तासांत हलतो, त्यामुळे निकाल दुसऱ्या दिवशी. मग ती तीन ठिकाणी न्या: दुपारी खिडकीपाशी (थेट ऊन नको), घरातल्या पांढऱ्या एलईडी ट्यूबखाली आणि पिवळ्या बल्बखाली. १८ टक्क्यांचं ग्रे कार्ड (तटस्थ राखाडी पुठ्ठा) असेल तर पट्टीला चिकटून धरा. नुसत्या डोळ्यावर विसंबू नका, तो थोड्याच वेळात कोणत्याही झाकेला सरावतो.

तिन्ही उजेडांत झाकेचा रंग वेगवेगळा दिसला तर गडबड शाईच्या मिश्रणात आहे. सगळीकडे सारखीच झाक असेल तर सेटिंग, प्रोफाइल (कोणत्या रंगाला किती शाई टाकायची हे सांगणारी फाइल) किंवा नोझल (शाई सोडणारी बारीक छिद्रं) बघायचं. झाक पट्टीच्या एखाद्याच भागात असेल, समजा २० ते ४० टक्क्यांच्या घरांत, तर संशय फिक्या शायांच्या नोझलवर घ्या. फक्त कोऱ्या कागदाचा पांढरा बदलत असेल तर तो कागदाचा गुण. आणि झाक नाहीच, पण ८५ टक्क्यांपुढची घरं एकमेकांत विरघळली आहेत, तर तुमची तक्रार काळ्याची आहे. तिचं खाली बघू.

उजेडाबरोबर बदलणारी झाक

प्रिंटर राखाडी रंग दोन प्रकारे बनवतो. एक, काळ्या शाईच्या फिक्या आवृत्त्या वापरून. दोन, सायन, मजेंटा आणि पिवळी शाई मोजून मापून एकत्र टाकून. दुसऱ्या प्रकारचा राखाडी हा तीन रंगांनी केलेला समझोता असतो. एका विशिष्ट उजेडात तो तटस्थ दिसतो. उजेडातलं लाल-हिरव्या-निळ्याचं प्रमाण बदललं की समझोता मोडतो आणि झाक वर येते. यालाच मेटॅमेरिझम म्हणतात. काळ्या पिगमेंट शाईतला (जिच्यात रंगाचे न विरघळलेले बारीक कण असतात) कार्बन सगळे रंग जवळपास सारखेच शोषतो, म्हणून त्याचा राखाडी उजेड बदलला तरी फारसा हलत नाही.

हे ध्यानात घेतलं की प्रिंटर निवडताना काय मोजायचं ते कळतं. एकूण शाया किती, हा प्रश्न गौण. त्यात काळ्या आणि राखाडी किती, ते विचारा. एप्सनने २००५ साली अल्ट्राक्रोम के३ शाई आणली तेव्हा तिच्यात काळ्याच्या तीन तीव्रता दिल्या आणि ड्रायव्हरमध्ये ‘अॅडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट’ हा वेगळा मार्ग ठेवला, तो याचसाठी. त्याआधीच्या पिगमेंट प्रिंटरांवर ही हिरव्या-जांभळ्याची तक्रार जगभर होती.

आपल्याकडे छोट्या स्टुडिओंत एप्सनचे एल-८०५० किंवा एल-१८०५० असे टाकीवाले प्रिंटर असतात. त्यांत सहा डाय शाया: काळी, सायन, मजेंटा, पिवळी, फिकी सायन, फिकी मजेंटा. लग्नाच्या रंगीत फोटोंना उत्तम जोडणी. पण राखाडी शाई एकही नाही, त्यामुळे चेहऱ्यावरचा मधला राखाडी मुख्यतः फिक्या सायन, फिक्या मजेंटा आणि पिवळ्यातून बनतो. या प्रिंटरवर कितीही भारी कागद घाला, मेटॅमेरिझम पूर्ण जाणार नाही. ड्रायव्हरमध्ये ‘ग्रेस्केल’ निवडलं म्हणजे फक्त काळी शाई वापरली जाते असंही नाही. फोटो कागद निवडलेला असताना रंगीत शाया चालूच राहतात. एल-८१८० मध्ये फोटो ब्लॅक आणि राखाडी शाई आहे, तिथं फरक ताबडतोब दिसतो. त्यापुढे कॅननच्या प्रो-३०० मध्ये एक राखाडी, एप्सनच्या पी-७०० आणि पी-९०० मध्ये दोन. वर्षाकाठी एखादंच प्रदर्शन करणाऱ्यानं असा प्रिंटर विकत घ्यावा असं मला वाटत नाही. ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून प्रिंट काढून घ्याव्यात आणि वाचलेले पैसे चांगल्या कागदात घालावेत.

घरात चार शायांचा ऑफिसछाप टाकी प्रिंटर असेल तर आणखी एक मेख असते. काहींत काळी शाई पिगमेंट आणि बाकी तिन्ही डाय. ग्लॉसी कागद निवडला की ड्रायव्हर काळी शाई बाजूलाच ठेवतो, कारण ती ग्लॉसीवर बसत नाही. म्हणजे तुमचा काळाही तीन रंगांचा. तो तपकिरी किंवा हिरवट दिसला तर नवल नाही.

ज्यांच्याकडे राखाडी शायांचा प्रिंटर आहे आणि तरीही झाक येते, ते बहुतेक जण रंगीत मार्गानं छापत असतात: फोटोशॉपमध्ये आयसीसी प्रोफाइल, ड्रायव्हर रंगीत मोडवर. कृष्णधवलसाठी एकदा उलट करून बघा. फोटोशॉपला ‘प्रिंटर मॅनेजेस कलर्स’ सांगा आणि ड्रायव्हरमध्ये अॅडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट घ्या. कॅननमध्ये त्याजागी ‘ब्लॅक अँड व्हाइट फोटो प्रिंट’ची खूण असते. या मार्गात मुख्य काम काळ्या-राखाडी शाया करतात, आणि कार्बनचा मूळचा तपकिरीपणा मारायला रंगीत शाईचा फक्त शिडकावा होतो. एक सावधगिरी: अनेक एप्सन ड्रायव्हरांत इथला टोन मुळातच ‘डार्कर’वर ठेवलेला असतो. सावल्या चिकटल्या तर आधी तो ‘डार्क’ किंवा ‘नॉर्मल’ करून बघा.

याहून खोलात जायचं असेल त्यांच्यासाठी एप्सनच्या ठरावीक मॉडेलांवर चालणारं क्वाडटोन रिप हे ड्रायव्हरऐवजी वापरायचं सॉफ्टवेअर आहे, त्यात प्रत्येक शाई किती पडावी हे आपण ठरवतो. अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या जॉन कोन यांची पिझोग्राफी तर रंगीत शाया काढूनच टाकते आणि सगळ्या जागी कार्बनच्या छटा भरते. निकाल अप्रतिम, पण मग तो प्रिंटर दुसऱ्या कशाच्या कामाचा राहत नाही. छंद म्हणून ठीक. पोटापाण्याच्या एकुलत्या प्रिंटरवर करू नये.

आणि फक्त काळ्या शाईत छापलं तर? झाक जाते, पण फिक्या भागांत शाईचे ठिपके दिसू लागतात, कारण फिका राखाडी दाखवायला ठिपके लांब लांब टाकण्याशिवाय पर्याय नसतो. आकाश आणि चुन्याच्या भिंती खरखरीत होतात. जुन्या ४०० आयएसओ फिल्मच्या स्कॅनवर मात्र ही खरखर ग्रेनमध्ये मिसळून जाते आणि कधीकधी छान दिसते.

आता दिव्यांचं. हॉल ठरवताना भाड्याबरोबर दिवेही विचारा. साधे एलईडी दिवे बहुधा ८० सीआरआयचे असतात (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा हा शंभरपैकी आकडा). ९० च्या वरचे स्पॉट मिळाले तर रंगीत शायांनी बनवलेला राखाडीही बराच शांत होतो. घरात ६५०० केल्विनच्या निळसर ट्यूबखाली प्रिंट पास करायची आणि ३००० केल्विनच्या पिवळ्या स्पॉटखाली टांगायची, यात भांडण ठरलेलंच आहे. त्या हॉलमधल्यासारखा एक बल्ब विकत आणून त्याखाली पट्टी बघितली की शेवटच्या दिवशीची धावपळ वाचते.

झाक सगळीकडे सारखीच

इथं कारणं साधी असतात, म्हणून भरभर सांगतो. सर्रास आढळणारं कारण म्हणजे दुहेरी रंग-व्यवस्थापन: फोटोशॉपही प्रोफाइल लावतं आणि ड्रायव्हरही आपली रंगदुरुस्ती करतो. प्रिंट एकसारखी मजेंटा येते. दोघांपैकी एकालाच काम करू द्या.

मग नोझल चेक. तुटक्या रेघा बघून कोणती शाई अडकली ते कळतं, पण झाकेवरूनही अंदाज येतो: मजेंटा अडकली तर प्रिंट हिरवट, सायन अडकली तर लालसर, पिवळी अडकली तर निळसर. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात प्रिंटर पंधरा दिवस बंद ठेवला की हे होतंच. आठवड्यातून एक रंगीत पान काढत जा. लागोपाठ हेड क्लीनिंग मारत बसू नका, त्यात शाई वाया जाते आणि वेस्ट पॅड (वाया गेलेली शाई शोषणारा स्पंज) भरत जातो. एकदा करा, काही तास थांबा, मग पुन्हा नोझल चेक.

तिसरं कारण बाटलीतलं. कंपनीचं प्रोफाइल हे त्या कंपनीची शाई आणि तो ठरावीक कागद यांच्या जोडीसाठी असतं. स्वस्त पर्यायी शाई भरली किंवा बिननावाचा १८० जीएसएम ग्लॉसी घातला की प्रोफाइलचा पाया गेला. दोन्ही बदलले असतील तर झाकेचं कारण शोधण्यात अर्थच नाही. एकतर त्या जोडीचं प्रोफाइल मोजून करून घ्या, नाहीतर मूळ जोडीवर परत या.

पहिल्या दिवशी ठीक असलेली प्रिंट काही आठवड्यांनी उघड्यावर लालसर होत गेली तर ते सेटिंगचं काम नव्हे. हवेतल्या ओझोनमुळे आणि उजेडामुळे डाय शाया कमी-अधिक वेगानं उडतात, त्यात सायन बऱ्याचदा आधी जाते. टिकवायच्या प्रिंट पिगमेंट शाईतच काढाव्यात. गावातल्या लोकांचे फोटो काढून त्यांनाच भेट द्यायचे असतील तर हे जास्तच पाळावं, कारण ती प्रिंट त्यांच्या घरात भिंतीवर वर्षानुवर्षं राहणार असते.

कागदाचा पांढरा

पुष्कळ पांढऱ्याशुभ्र कागदांत ऑप्टिकल ब्राइटनर (कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून घातलेली रसायनं) असतात. खिडकीच्या उजेडातली अतिनील किरणं पडली की ते निळसर चमकतात आणि कागद दुधासारखा पांढरा दिसतो. साध्या एलईडीत अतिनील जवळजवळ नसतेच, त्यामुळे तोच कागद हॉलमध्ये मंद, पिवळसर वाटतो. अतिनील अडवणारी काच लावली तरी तेच. शिवाय काही वर्षांत ब्राइटनर निकामी होतात. मालिकेत निम्म्या प्रिंट ब्राइटनरवाल्या आणि निम्म्या बिनब्राइटनरच्या कागदावर असतील तर भिंतीवर दोन गट पडलेले लांबून दिसतात. कॅन्सनचे रॅग फोटोग्राफिक आणि प्लॅटिन फायबर रॅग हे ब्राइटनर नसलेले सुती कागद आहेत. त्यांचा पांढरा किंचित उबदार असतो, पण सगळीकडे सारखा राहतो.

काळा खोल येत नाही

ही तक्रार मात्र खरोखर कागदाची. चांगल्या मॅट कागदावर काळ्याची घनता साधारण १.६ ते १.७ पर्यंत जाते, म्हणजे सर्वांत गडद काळासुद्धा दोन-अडीच टक्के उजेड परत फेकतो. बरायटा कागदावर, ज्यात शाई झेलणाऱ्या थराखाली बेरियम सल्फेटचा लेप असतो, ती २.३ च्या आसपास किंवा वर जाते. तिथं काळा फक्त अर्धा टक्का उजेड परत देतो. मॅटवर पांढऱ्या-काळ्याचं गुणोत्तर जेमतेम चाळीसास एक, बरायटावर दीडशेच्या पुढे.

डॉक्युमेंटरी फोटोत याचा फटका नेमका माणसांना बसतो. भर दुपारचं ऊन, डोक्यावर पांढरी टोपी, अंगात पांढरा सदरा आणि टोपीच्या सावलीत सावळा चेहरा. फ्लॅश नाही, रिफ्लेक्टर नाही. चेहरा आधीच पट्टीच्या ७० ते ९० टक्क्यांच्या घरांत आहे. मॅट कागद हीच घरं दाबून एकत्र करतो, आणि स्क्रीनवर दिसणारे डोळे प्रिंटवर काळ्या खड्ड्यात जातात. म्हणून मॅटसाठी फाइल वेगळी हवी. पट्टीवर कोणती घरं मिसळली ते बघा, आणि कर्व्हमध्ये सावल्यांचा तेवढाच भाग उचला. सगळा फोटो उजळ करू नका, सदऱ्यातला तपशील उडेल. सॉफ्ट प्रूफमध्ये (प्रिंट कशी येईल ते स्क्रीनवरच दाखवणारी सोय) कागदाच्या पांढऱ्याची खूण करून बघितलं तर स्क्रीन एकदम मरगळलेली दिसते. तीच खरी अपेक्षा. मॉनिटर फार तेजीत असेल तर हा सगळा हिशेब चुकतो. तो १०० कँडेला प्रति चौरस मीटरच्या आसपास आणा.

काळी शाई योग्य पडते का, हेही बघा. मॅट ब्लॅक आणि फोटो ब्लॅक वेगवेगळ्या असतात. ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकार ग्लॉसी दिला आणि आत मॅट घातला तर फोटो ब्लॅक पडते आणि काळा राखेसारखा येतो. उलट झालं तर काळा बोटाला लागतो. कागद उलटा घातला तरी शाई पसरते आणि सुकत नाही. कोपऱ्याला किंचित ओलं बोट लावा, जी बाजू चिकटते ती लेपाची.

मग सगळे बरायटाच का घेत नाहीत? एक तर भाव. दुसरं, चकाकी. ट्यूबलाइटच्या हॉलमध्ये बरायटावर ट्यूबचं प्रतिबिंब पडलं की तो दीडशेचा हिशेब कागदावरच राहतो. साधी काच प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के उजेड परावर्तित करते, म्हणजे समोर खिडकी असलेल्या भिंतीवर काचेमागे टांगलेल्या मॅट आणि बरायटामधला फरक ओळखणं मुश्किल. माझा नियम असा: काचेमागे आणि साध्या दिव्यांत जायचं असेल तर मॅट, फाइल नीट करून. बिनकाचेची, स्पॉटखाली किंवा हातात घेऊन बघायची असेल तर बरायटा. मिलच्या आतले किंवा रात्रीचे, निम्म्याहून जास्त काळे फोटो असतील तर मात्र बरायटाशिवाय पर्याय नाही.

बरायटा किंवा ग्लॉसीवर पिगमेंट शाई वापरताना पांढऱ्या सदऱ्याकडे तिरकं बघा. जिथं फाइल पूर्ण पांढरी, तिथं शाईचा थेंबही पडत नाही, आणि त्या जागेची चकाकी आसपासच्यापेक्षा वेगळी दिसते. टक्कल पडल्यासारखं. कॅनन प्रो-३०० मध्ये यासाठी क्रोमा ऑप्टिमायझर नावाची पारदर्शक शाई असते. ती नसेल तर फाइलमधला सर्वांत पांढरा २५५ ऐवजी २४८ वर आणा, थोडी शाई सगळीकडे पडते.

पुण्यातल्या हातकागद संस्थेसारख्या ठिकाणचा हातकागद फार सुंदर दिसतो आणि त्यावर छापायचा मोह होतो. पण इंकजेटचा लेप नसलेल्या कागदात शाई आत मुरते, काळा राखाडी होतो, रेषा फुटतात, आणि सुटे तंतू हेडमध्ये जातात. तो पोर्टफोलिओच्या आवरणाला आणि शीर्षकाच्या पानाला वापरा.

लॅबमधून काढत असाल तर

नेहमीच्या डिजिटल लॅबमध्ये तुमचा कृष्णधवल फोटो रंगीत कागदावरच छापला जातो. त्यात तीन रंगद्रव्यांचे थर असतात, म्हणून तिथंही राखाडी तिघांचा, आणि झाक त्या दिवशीच्या रसायनावर हलते. फाइल एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत द्या, ऑटो करेक्शन बंद ठेवायला सांगा, आणि पूर्ण मालिका एकाच दिवशी, एकाच मशीनवर काढून घ्या. दोन खेपांत काढलेल्या प्रिंट जुळतील अशी आशा धरू नका.

पावसाळा

मुंबई-कोकणात जुलैची दमट हवा कागदात शिरते. कडा वर उचलतात, प्रिंट हेड त्यांना घासतं आणि वरच्या काठावर काळे डाग पडतात. सुती कागदावर हे जास्त. कागद मूळ प्लास्टिकच्या पाकिटात, सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद ठेवा, लागेल तेवढाच बाहेर काढा. वळलेल्या कडा उलट्या दिशेनं हलकेच सरळ करा आणि ड्रायव्हरमध्ये प्लेटन गॅप (हेड आणि कागद यांच्यातलं अंतर) ‘वाइड’ घ्या.

सुकण्याचा वेळही वाढतो. घाईनं फ्रेम केली तर शाईतली ग्लायकॉल हळूहळू बाहेर पडून काचेच्या आतल्या बाजूला धुकं धरते. आरसी, म्हणजे प्लास्टिकचा थर असलेल्या कागदावर तर हमखास. प्रिंट साध्या, बिनलेपाच्या कोऱ्या कागदांच्या मध्ये रचून ठेवा, रोज ते कागद बदला, आणि तीन-चार दिवसांनी बदललेला कागद सपाट निघाला, लहरी धरून आला नाही, तरच फ्रेमवाल्याकडे पाठवा.